धरू धरू, देवाला देऊ

ऑक्टोबर लागला की मी सुक्या बोंबलांचं कालवण करते आणि स्वयंपाकघराची खिडकी मुद्दाम सताड उघडी ठेवते. आमची इमारत बोरिवली पश्चिमेची, चार मजल्यांची आणि स्वभावाने फार सोवळी. कालवणाला उकळी फुटली की वरच्या-खालच्या खिडक्या धडाधड लागतात. सोसायटीच्या फळ्यावर 'सभासदांनी इतरांच्या भावनांचा विचार करावा' अशी सूचना झळकते. मी ती वाचते, विचार करते आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोंबील आणते. भावना मलाही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा बोंबलांत आहेत.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ जिन्यात भेटले. नाकाला रुमाल होता, तो त्यांनी बोलण्यापुरता खाली घेतला.

"तुम्ही कॉलेजात असताना त्या मिशनवाल्यांबरोबर तिकडे आदिवासींमध्ये जायचात म्हणे," ते म्हणाले. "बाटवायला?"

"जायचे नाही, गेले होते. एकदाच," मी म्हणाले. "या ना आत, बसा, सगळं सांगते."

ते बसले नाहीत. त्यांना उत्तर नको होतं, प्रश्न विचारून मोकळं व्हायचं होतं. पण माझ्या मनात तो ऑक्टोबर जागा झाला तो झालाच. ऐकायला ते नाहीत, तर आता तुम्ही ऐका.

मी मूळची खाडीपलीकडची, गोराईची. कोळ्याची पोर आणि ख्रिस्ती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ऑक्टोबरात गोराईला ऊन असं पडायचं की अनवाणी चालवत नसे. आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. सकाळच्या होडीने आई डोक्यावर पाटी घेऊन बोरिवलीच्या बाजाराला निघायची, आणि त्याच होडीत मी, छातीशी वह्या घेऊन, कॉलेजला. पलीकडे उतरलो की ती बाजाराच्या वाटेला लागायची, मी कॉलेजच्या. वास मात्र दोघींबरोबर जायचा. वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी सहसा बसत नसे. पसरून बसायला मिळतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

बोरिवलीत ख्रिस्ती लोकांची एक मोठी कॉलनी होती. देव त्यांचाही तोच, क्रूस तोच, पण कॉलनीतल्या मुली इंग्रजीतून हसायच्या आणि मी मराठीतून गप्प बसायचे. आम्ही कोळी लोक चर्चला देऊळ म्हणतो. हे एकदा माझ्या तोंडून गेलं तर त्या आठवडाभर एकमेकींना 'देऊळ, देऊळ' करत होत्या.

कॉलेजात ख्रिस्ती मुलामुलींचा एक गट होता. त्याचे प्रमुख ऑस्टिन सर, अर्थशास्त्र शिकवायचे. एक आधीच सांगून ठेवते, सर वाईट नव्हते. स्वतःचा डबा उपाशी पोरांना देऊन वर पोट बिघडलंय म्हणून सांगणारा माणूस. त्यांच्या मनात आलं की दिवाळीच्या सुट्टीत गटाला घेऊन नदीकाठच्या दूरदूरच्या पाड्यांवर जायचं. औषधं द्यायची, कपडे द्यायचे, गाणी म्हणायची, देवाबद्दल दोन शब्द बोलायचे. आणि भेटलेल्या माणसांची नावं लिहून आणायची. कॉलनीतल्या प्रत्येक कुटुंबाने त्यातलं एकेक नाव घ्यायचं आणि त्या माणसासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची, अशी ती योजना. सरांनी रविवारी देवळात हे जाहीर केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही अजून निघालोही नव्हतो आणि नावांची वाट बघणं सुरू झालं.

अडचण एकच होती. आम्ही आठजण, आणि त्यातल्या सातांचं मराठी बसच्या कंडक्टरपुरतं. तेव्हा सरांना माझी आठवण झाली.

"फिलोमिना, तुझं मराठी चांगलं आहे," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकवत होतं. एवढ्यावर थांबलं नाही. कॉलनीतल्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हे काम नीट कर. नावं घेऊन ये. बी.ए. झालीस की आमच्याकडे मराठी शिकवायला ये." पंख्याखालची खुर्ची, हातात खडू आणि अंगाला कसलाही वास नाही! आईने ती बातमी होडीतल्या प्रत्येक माणसाला सांगितली, आणि ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांना परतीच्या होडीत पुन्हा सांगितली.

सरांनी इंग्रजीत एक गाणं रचलं होतं. आपण माणसांचे कोळी होऊ, जाळं टाकू आणि माणसांना देवाकडे आणू, असा त्याचा आशय. "हे मराठीत कर," ते म्हणाले. मला तर स्फुरणच चढलं. प्रभू येशूने पहिली हाक मारली ती कुणाला? पंडितांना नाही, सावकारांना नाही. किनाऱ्यावर जाळी धूत बसलेल्या माणसांना, म्हणजे आमच्याच लोकांना! कॉलनीवाल्यांनी ते नुसतं वाचलं होतं, मी त्या वासात वाढले होते. होडीच्या एका फेरीत मी गाणं लिहून काढलं.

वल्हव गड्या, जाळं टाकू,
नदीकाठची माणसं धरू,
धरू धरू, देवाला देऊ,
देवाला देऊ, घरी जाऊ!

ग्लेन नावाचा मुलगा आमच्यात गिटार वाजवायचा. त्याने चाल लावली. झकास जमली. घरी येऊन मी आईला म्हणून दाखवलं. ती म्हावरं साफ करत होती.

"काय गो फिलू," ती हसत सुटली, "धरलेलं म्हावरं पाटीत जातं. देवाजवल कंदी गेलंय?"

"आई, तुला त्यातला अर्थ कळत नाही," मी म्हणाले. कॉलेजात जाणाऱ्या मुली असंच बोलतात.

बोरिवलीहून एसटी, मग दुसरी एसटी, मग कच्च्या रस्त्याने पायपीट. त्या नदीचं नाव मी इथे लिहीत नाही. पाड्यांचीही लिहीत नाही, आणि तिथल्या माणसांची जी लिहिते ती बदलून लिहिते. नावांच्या बाबतीत मी तेव्हापासून जपून असते.

एवढं गोडं पाणी एका जागी मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या खाडीचं पाणी जातं तसं येतंही. हे पाणी नुसतं जात होतं. मला ते जरा बेभरवशाचं वाटलं. ओंजळीने प्यायले तर चवच लागेना, मीठ नाही, काही नाही, तरी मी पित राहिले. दोन्ही काठांना भात पिवळं पडलं होतं. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी चालू होती आणि ओल्या पेंढ्याचा असा वास सुटायचा की उगाच भूक लागायची. ते दिवस आठवले की आधी तो वास येतो. त्याच्या मागोमाग खरजेच्या मलमाचा. आणि मग, का कोण जाणे, ग्लेनच्या गिटारच्या पेटीचा.

कॉलनीतून गोळा केलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात काय नव्हतं! टाय होते, लग्नातले पांढरे हातमोजे होते, उंच टाचेची एकच चप्पल होती. शेवटच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला कुणाच्या तरी सुटातला वेस्टकोट आवडला. लंगोटीवर तो वेस्टकोट चढवून तो तसाच भात कापायला गेला. आमची मुलं तोंड फिरवून हसली. मला मात्र तो आमच्या सगळ्यांपेक्षा रुबाबदार दिसला होता.

पहिल्या दोन पाड्यांवर सगळं सुरळीत झालं असं आम्हाला वाटलं. आम्ही गायचो, लोक उकिडवे बसून ऐकायचे. हसत नव्हते, टाळ्या वाजवत नव्हते, पण उठूनही जात नव्हते. मग औषधाची रांग. ग्लेन लांबट वही घेऊन बसायचा. मी नाव विचारायचे, तो लिहायचा, मग मलम मिळायचं. तिसरा पाडा नदीपलीकडे होता. तिथे शुक्री भेटली. पन्नाशीची, विधवा, काटक बाई. तिने घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली, आणि सगळ्यात आधी धाकट्या लेकाचं, बारक्याचं. तो विशीतला होता आणि त्याच्या पायाची जखम चिघळली होती. दुपारी आम्ही तिच्याच अंगणात गाणं म्हटलं. त्या दिवशी माझा आवाज असा काही लागला होता की 'धरू धरू' मी तीनदा म्हटलं.

मुक्काम पाड्यावरच्या एकखोली शाळेत होता. सकाळी उठलो तर पाडा रिकामा. चुली पेटलेल्या, कोंबड्या फिरतायत, खळ्यावर भात पसरलेलं, आणि माणूस एक नाही. शाळेच्या पायरीवर आम्ही वाटलेले कपडे कुणीतरी नीट घड्या घालून ठेवले होते. त्यांच्यावर मलमाच्या डब्या मांडल्या होत्या. फक्त वेस्टकोट तेवढा त्यात नव्हता.

"वाट लागली," ग्लेन म्हणाला. "हे लोक गेले कुठे यार?"

झाडीतून आधी बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात विळा. मागून पुरुष आणि पोरं. कापणीचे दिवस, हातात विळा नसता तरच नवल, हे मला आज कळतं. त्या सकाळी मला नुसते विळेच दिसले. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यात पुढे शुक्री होती, आणि ती सरांकडे न जाता थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. पण ती आमच्या कोळी बोलीची कुठूनशी मावसबहीण लागत असावी, कारण मला कळत होती आणि बाकी कुणाला कळत नव्हती.

"आमची नावां परत दे," ती म्हणाली.

"कसली नावं, मावशी?"

"वहीत लिवली ती. माझ्या बारक्याचं पहिलं लिवलंत. परत दे."

"अहो, ती प्रार्थनेसाठी..."

"काल काय गायलीस तू?" तिने मला मधेच तोडलं. "धरू धरू, देवाला देऊ. देऊन घरी जाऊ. तूच गायलीस ना?"

मी हो म्हणाले, आणि ते हो तोंडातून निघता निघता मला माझंच गाणं पहिल्यांदा ऐकू आलं.

तिने सांगितलं ते असं. त्याच वर्षी चैत्रात तिथे काही माणसं आली होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या घेऊन त्यांनी नदी मोजली, झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या, घरोघरची नावं वहीत लिहून घेतली आणि जाताना सांगून गेली की इथे धरण होणार. धरणाची भिंत माणसाचा भोग, म्हणजे बळी, घेतल्याशिवाय उभी राहत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मग सहा महिन्यांनी आम्ही आलो. शहरातले, बूट घातलेले, वही घेतलेले. घरोघरची नावं आम्हीही लिहून घेतली, आणि वर गिटारच्या तालावर सांगितलं की नदीकाठची माणसं धरू आणि देवाला देऊ. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं आमची एक शेजारीण म्हणायची. आमच्या हातून तर माकडही धड झालं नव्हतं. धरण वेगळं आणि धरू वेगळं, हे मी आता त्यांना व्याकरणाने समजावणार होते की काय?

"काय म्हणतेय ती?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. ग्लेनने वही पोटाशी आवळली.

"नावं कशी परत देणार?" सर म्हणाले. "तिला समजाव ना, फिलोमिना. आपण त्यांच्या भल्यासाठी आलोय. रविवारी लोक वाट बघतायत. रिकाम्या हाताने जाऊन काय सांगू मी?"

"सर, पण नावं त्यांची आहेत."

"आता ती देवाच्या कामाची आहेत. तू फक्त भाषांतर कर."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या भाषांतरानेच तर हा घोटाळा केला होता, आणि तरी मी फक्त भाषांतर करायचं! हेडमिस्ट्रेस बाईंच्या शाळेतली खुर्ची त्या वहीत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. समोर विळे दिसले म्हणून पोरगी घाबरली, असं पुढे कॉलनीत बोललं गेलं. घाबरले होते, नाही कशाला म्हणू? पण नुसती भीती असती तर मी सरांच्या मागे लपले असते. मला राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझा मलाच आला होता. मी ग्लेनच्या हातातून वही ओढली आणि शुक्रीपुढे धरली.

तिने हात मागे घेतला.

"मला वाचता येत नाय. सगली हायत कशावरून?" ती म्हणाली. "एकेक नाव वाच. ज्याचं त्याला दे."

मग मी शाळेच्या पायरीवर बसले. एक नाव वाचायचं, मोठ्याने हाक मारायची, तेवढी कागदाची पट्टी फाडायची. नावाचा मालक पुढे यायचा, हात पसरायचा आणि आपलं नाव घेऊन जायचा. ग्लेनने सगळं इंग्रजीत लिहिलेलं. 'बडी' म्हणून मी दोनदा हाक मारली, कुणी येईना. "यार, ते बुधी आहे," ग्लेन पुटपुटला, आणि एक म्हातारी लगबगीने पुढे आली. तिला आपलं नाव चुकतं की काय अशी धास्ती वाटली होती.

कुणी पट्टी लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधली, कुणी चुलीत टाकली. एका बाईने पोराच्या नावाची पट्टी तोंडात घातली आणि माझ्याकडे बघत बघत चावून गिळली. वेस्टकोटवाल्याने आपली पट्टी वेस्टकोटच्या खिशात ठेवून वरून हात फिरवला. बारक्याचं नाव आलं तेव्हा शुक्रीने त्याला पुढे येऊ दिलं नाही, तिने स्वतःच ते घेतलं. पहिल्या दोन पाड्यांची नावंही मी वाचली. ती तिने पोचवायच्या बोलीवर आपल्या ओटीत घेतली. देवळात मी आजवर कितीतरी नावं ऐकली होती, संतांची, बाप्तिस्म्याची, मेलेल्यांची. पण जित्या माणसाच्या तळहातावर त्याचं नाव ठेवायची वेळ कधी आली नव्हती. सूर्य डोक्यावर आला तेव्हा वहीचे नुसते पुठ्ठे उरले आणि माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

मला वाटलं, सुटलो.

"आता तुझं लिव," शुक्री म्हणाली.

"माझं?"

"आमची नावां तुमच्यापाशी होती. आता तुझं आमच्यापाशी राहील. धरणाच्या बांधासाठी आमचं कुणी नेलं, तर आमी तुझं नाव देऊ."

मी सरांना सांगितलं. सर घाईघाईने हळू आवाजात म्हणाले, "दुसरं काहीतरी लिहून दे. तिला कुठे वाचता येतंय?"

चांगला माणूस एवढ्याशा वाक्यात किती खाली येतो, ते मी तेव्हा पाहिलं. पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदाची पट्टी फाडून मी मराठीत लिहिलं. फिलोमिना, पुढे बापाचं नाव, गाव गोराई. खरं आणि पूर्ण लिहिलं. शुक्रीने ती पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि चोळीत खोचली. मग ती घरात गेली आणि एक मोठी काकडी घेऊन आली, वाटेत खायला. नाव ठेवून घेतलं तरी उपाशी पाठवलं नाही. जखमी पायाच्या बारक्यानेच आम्हाला नदीपार सोडलं. मी मलमाची एक डबी त्याच्या होडीत ठेवली. त्याने ती उचलली नाही आणि पाण्यातही टाकली नाही.

पुढे मी जन्मभर मराठी शिकवलं. 'धर' हा धातू फळ्यावर लिहायची वेळ आली की खडू दोन क्षण थबकायचा. आपल्या भाषेत हे फार गुणाचं क्रियापद आहे. पोर बोट धरतं, झाड फळ धरतं, माणसं उपास धरतात, धीर धरतात, हात धरतात. एवढ्या चांगल्या घरातली लेक मी नेऊन जाळ्याच्या गळ्यात बांधली, आणि वर तिला चाल लावली. मुलं विचारायची, "बाई, पुढे?" मी पुढे लिहायचे.

ते धरण पुढे झालं. कधी, कुठलं, ते सांगत नाही. पाडा पाण्याखाली गेला, भाताची शेतं गेली, ती शाळा आणि तिची पायरी गेली. माणसं कुठे गेली ते शोधायचा मी प्रयत्न केला, पण धड पत्ता लागला नाही. अडाणी लोक, त्यांनी गाण्याचा भलताच अर्थ काढला, असं सर शेवटपर्यंत म्हणत राहिले. मी म्हणते, भलता कसा? आधी वही येते, नावं लिहून घेतात, मग माणसं जातात, हा क्रम शुक्रीने अचूक ओळखला होता. भोग लागतो म्हणाली होती, तो लागला. तिने चुकीचं ऐकलं नाही. मी चुकीचं लिहिलं होतं, आणि आमच्याही आधी कुणीतरी लिहून गेलं होतं. आमच्या उपनगरांत सकाळी नळ सोडला की पाणी येतं, तेही कुठल्या ना कुठल्या नदीकाठावरून येतं. बाटवण्याची चौकशी करणाऱ्यांनी कधीतरी तीही चौकशी करावी.

आणि बाटवायला म्हणाल, तर आम्ही मलमाच्या डब्या आणि एक वेस्टकोट घेऊन गेलो होतो. तिथे कुणी बाटलं असेलच तर ती मी. माझा देव मी सोडलेला नाही. दर रविवारी पुढच्या बाकावर बसते, अगदी हेडमिस्ट्रेस बाईंच्या जुन्या जागी. मात्र त्याच्या नावाने कुणी वही काढली की उठून उभी राहते. लोकांना ते आवडत नाही. न आवडो.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी येऊन बसले होते. "होडी कलंडली आणि वही नदीत पडली, असं सांगू," ते म्हणाले. "कुणाचीच चूक नाही. तुझी शाळेतली जागाही राहील." ते मनापासून माझ्या भल्याचं बोलत होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ग्लेन खिडकीबाहेर बघत होता. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. बोरिवली येईपर्यंत मी ती खुर्ची मनातल्या मनात चार वेळा सोडली आणि चार वेळा तिच्यावर जाऊन बसले.

ती खुर्ची मला मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी बाजारात आईच्या शेजारी पाटी मांडून बसले. मग महापालिकेच्या शाळेत लागले आणि तिथेच केस पिकवले. गटातून मला कुणी काढलं नाही, पुढच्या सुट्टीत कुणी बोलावलंही नाही. आई मात्र पुढे कितीतरी दिवस होडीत भेटेल त्याला सांगायची, "माझी फिलू देवळात बोलली."

त्या रविवारी देऊळ भरलं होतं. हेडमिस्ट्रेस बाई पहिल्या बाकावर. आई अगदी मागे, दाराशी, पाटी बाहेर ठेवून आलेली. सरांनी होडी, प्रवाह आणि वही यांची हकिकत सांगितली. लोक हळहळले. मग सरांनी मला माइकसमोर बोलावलं, आभाराचे दोन शब्द बोलायला. कागद त्यांनीच लिहून दिला होता. मी तो उघडलाच नाही.

"वही नदीत पडली नाय," मी म्हणाले. कॉलेजात कमावलेलं शुद्ध मराठी नेमकं तेव्हाच तोंडात येईना. आलं ते घरचं. "होडी पन कलंडली नाय. आमी त्यांना धरायला गेलेलो. त्यांनी आमाला धरलं, आनि काकडी देऊन सोडलं."

कुणीतरी हसलं. सर खाली बघत होते. हेडमिस्ट्रेस बाई उभ्या राहिल्या. देवळात असं मधेच कुणी उभं राहत नाही, पण त्या राहिल्या.

"म्हणजे एकही नाव आणलं नाहीस तू?"

"नाय, बाई. ज्याचं त्याला दिलं."

"मग वर्षभर आम्ही प्रार्थना करायची तरी कुणासाठी?"

"माझ्यासाठी करा," मी म्हणाले. "माझं नाव त्यांच्यापाशी आहे."